सोयाबीन हमीभाव खरेदी केंद्राचा अनुभव: भाव चांगला पण थांबायची ताकद पाहिजे

2024 च्या हंगामात आम्ही पहिल्यांदाच सोयाबीन हमीभाव केंद्रावर घातलं, तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही. हमीभाव 4892 आणि त्याच वेळी आमच्या बाजारात 4100 च्या आसपास चालू होतं, क्विंटलमागं जवळजवळ 800 चा फरक, कोण सोडेल.

नोंदणीला आधार, पासबुक आणि ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद) झालेला सातबारा लागतो. पाहणी वेळेत मोबाईलवरून करून ठेवा, भावकीतल्या एकाची राहिली तर त्याची नोंदणीच घेतली नाही. आमची ऑक्टोबरात झाली आणि मग माल घेऊन या म्हणून येणाऱ्या मेसेजची वाट बघत बसलो. तेवढ्यात दिवाळी आली, हरभऱ्याचं बी आणायचं, मळणीवाल्याचे पैसे, खताच्या दुकानाची उधारी, शेवटी आबांनी 30 क्विंटलमधलं 12 क्विंटल व्यापाऱ्याला 4100 नं देऊन टाकलं. साडेनऊ हजार तिथंच गेले. महिनाभर कळ काढता आली असती तर वाचले असते, अजून जीवाला लागतं.

मेसेज डिसेंबरात आला. पिकअप करून 18 क्विंटल नेलं. ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, नोव्हेंबरात सरकारनं 15 पर्यंत सूट दिली होती पण आमचं तोवर चांगलं वाळलं होतं, चाळणीही घरूनच मारून नेली होती, त्यामुळं माल तपासणाऱ्या ग्रेडरनं लगेच पास केलं. घोडं अडलं बारदान्यावर. पोतीच संपली म्हणून दोन दिवस माल गाडीत, मी आणि चुलतभाऊ थंडीत मालावरच झोपलो, गाडीवाल्यानं मुक्कामाचे वेगळे पैसे घेतले. केंद्रावरच्या पोरांना बोल लावणार नाही, ती रात्री नऊपर्यंत मापं करत होती. पण नोंदणीवरून माल किती येणार ते आधीच कळतं ना, मग पोती आधी का पाठवत नाहीत??

माप मात्र एकदम चोख, इलेक्ट्रॉनिक काट्यावर डोळ्यासमोर, आडत (दलाली) नाही, कटती (वजनातली कपात) नाही. 17 दिवसांनी खात्यावर 88056 रुपये आले, हिशोब रुपयाला रुपया जुळला. आबांनी पासबुक दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

शेजारच्या काकांचा नंबर मात्र लागलाच नाही, मुदतवाढ मिळत मिळत 6 फेब्रुवारी 2025 ला खरेदी बंद झाली आणि त्यांना 4000 च्या आत विकावं लागलं. एवढे दिवस माल घरात ठेवून, भाड्याच्या खेपा घालून.

5 पैकी 3 स्टार, तेही काट्यासाठी आणि पैशासाठी. 2025-26 साठी 5328 जाहीर झालाय, 436 ची वाढ चांगलीच आहे, पण खरेदी दिवाळीच्या आधी जोरात चालू झाली तरच तो भाव आमच्यासारख्यांच्या हातात पडेल. यंदा आबा म्हणतात बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून तारण कर्ज काढू, मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत 6 टक्के व्याजानं मिळतं, निदान दिवाळीला व्यापाऱ्याकडं जायला नको. कुणी सोयाबीन तारण ठेवलं असेल तर किती दिवसांत पैसे मिळाले ते सांगा.