वसाहतीत नकोसे व्यापारी संकुल: हरकत, न्यायालय की आंदोलन?

वसाहतीलगतच्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल येणार अशी कुणकुण लागली की रहिवाशांपुढे तीन मार्ग असतात: महापालिकेकडे हरकत नोंदवणे, न्यायालयात किंवा पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जाणे, आणि रस्त्यावर उतरणे. यांतला कोणता निवडावा हे रहिवाशांच्या जिद्दीपेक्षा प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे यावर अधिक अवलंबून असते.

त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे संकुल जागेचे आरक्षण (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा ज्या वापरासाठी राखली आहे ते) बदलून येत आहे की सध्याच्या नियमांतच बसते. मुंबई वगळता महाराष्ट्रातील बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली असून, तीत निवासी विभागातही रस्त्याच्या रुंदीनुसार दुकानांना आणि कार्यालयांना मुभा आहे. प्रकल्प या मुभेत बसत असेल, तर हरकतींसाठी जाहीर सूचना निघतच नाही. मग मंजूर नकाशा, वाहनतळ आणि अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला यांतील त्रुटी शोधणे एवढेच हाती उरते.

आरक्षण किंवा वापर बदलला जात असेल, तर हरकतीचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदल करताना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना देऊन एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात आणि हरकतदारांना सुनावणी द्यावी लागते. अडचण अशी की माहिती अधिकाराच्या अर्जालाही उत्तर देण्यास 30 दिवसांची मुदत असते, त्यामुळे ‘आधी कागद मिळवू, मग हरकत लिहू’ असे म्हणणाऱ्यांची मुदत बहुधा कागदाची वाट पाहण्यातच सरते. म्हणून हरकत आधी नोंदवावी, कागद मागाहून जोडावेत. पत्रात सर्व्हे क्रमांक, आराखड्यातील मूळ आरक्षण आणि ते बदलल्याने कोणती सोय हिरावली जाते हे स्पष्ट लिहावे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एकाच मजकुराच्या पाचशे पत्रांपेक्षा वेगवेगळे मुद्दे मांडणारी पंधरा पत्रे सुनावणीत अधिक उपयोगी पडतात. अर्थात, हरकत ऐकून घेण्याचे बंधन आहे, मान्य करण्याचे नाही.

न्यायालयाचा मार्ग खर्चिक आहेच, पण त्याची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. याच अधिनियमाच्या कलम 51 खाली दिलेली परवानगी रद्द करता येते, परंतु काम बऱ्याच अंशी पुढे गेल्यावर तसा आदेश काढता येत नाही. उच्च न्यायालयही उशिरा आलेल्यांना पहिला प्रश्न ‘इतके दिवस कुठे होता?’ असाच विचारते. मुंबईच्या गिरणी जमिनींचे उदाहरण बोलके आहे. गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना, 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे यांना मिळू शकणारा मोठा वाटा 2001 च्या फेरबदलाने आक्रसला. त्याविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी विकल्याही गेल्या होत्या.

हरित लवाद तुलनेने सोपा आहे आणि त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. मात्र तिथे पर्यावरणविषयक कायद्यांचा भंग दाखवावा लागतो. ‘गर्दी वाढेल’ एवढ्यावर भागत नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पूर्वपर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात.

आंदोलनाचे सर्वांत ठळक यश शेजारच्या गोव्यातले. ‘गोवा बचाव अभियान’ या नागरिकांच्या चळवळीच्या रेट्याखाली, राज्यातील जमिनींचा वापर ठरवणारा 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला जानेवारी 2007 मध्ये मागे घ्यावा लागला. परंतु तो आराखडा गावोगावच्या लोकांना झळ पोहोचवणारा होता, म्हणून माणसे जमली. एका प्रभागातल्या एका भूखंडासाठी शहर रस्त्यावर येत नाही, आणि महापालिकेत नगरसेवकांऐवजी प्रशासक बसलेला असेल, तर मतांची भीती कोणाला दाखवायची हाही प्रश्न उरतो. शिवाय गोव्यातही पुढे 2023 आणि 2024 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) आणि 39-अ ही कलमे आली आणि एकेका भूखंडाचा झोन (वापराचा विभाग) बदलण्याची वाट खुली झाली.

सूचना नुकतीच निघाली असेल, तर सगळी ताकद हरकतींवर लावावी आणि सभा-निदर्शने हरकतींची संख्या व दर्जा वाढवण्यासाठी वापरावीत. फेरबदल मंजूर झाला पण खोदकाम सुरू नसेल, तर वर्गणी वकिलाकडे वळवावी. आधी नोंदवलेली हरकत तिथे पुरावा म्हणून कामी येते. जोत्यावर काम गेले असेल, तर प्रकल्प थांबवण्याची भाषा बहुधा पोकळ ठरते. तेव्हा वाहनांचे प्रवेशद्वार वसाहतीच्या अरुंद गल्लीऐवजी मुख्य रस्त्यावर ठेवणे, मालाच्या गाड्यांच्या वेळा ठरवणे आणि मंजूर नकाशातला वाहनतळ वाहनतळच राहील हे भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी पाहणे, या मागण्या पदरात पाडून घेणे अधिक शक्य असते.