मार्टी रिपोर्ट: जुन्या मस्टँगला पाना लावायच्या आधी हा कागद मागवा

१९६७ किंवा नंतरची फोर्ड, मर्क्युरी नाहीतर लिंकन रिस्टोअर करायला घेताय तर पहिला खर्च पेंटवर नको, इंजिनवर पण नको, आधी मार्टी रिपोर्ट मागवा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला मार्टी ऑटो वर्क्स म्हणून आहेत, फोर्डचा त्या काळातला प्रॉडक्शन डेटाबेस त्यांच्याकडे रीतसर लायसन्स घेऊन आहे. आपण व्हीआयएन (गाडीवर ठोकलेला ओळख क्रमांक, आपला चॅसिस नंबर) द्यायचा, आणि ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कुठला रंग, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठला अ‍ॅक्सल, कुठले ऑप्शन हे सगळं छापून हातात येतं. १९६४ ते ६६ च्या मस्टँगवाल्यांचं मात्र इथे काम होत नाही, तो डेटाच नाहीये.

आता लोक म्हणतात व्हीआयएन वाचता येतो की, रिपोर्ट कशाला. येतो ना, पण त्याला मर्यादा आहे. आमच्याकडे १९६९ ची मस्टँग मॅक १ आहे, तिच्या व्हीआयएनवरून एवढं कळतं की वर्ष ६९, कारखाना डिअरबॉर्न, बॉडी स्पोर्ट्सरूफ (मागे उतरत्या छताची) आणि इंजिन आर कोड, म्हणजे रॅम एअरवालं (बॉनेटवरून थंड हवा ओढणारं) ४२८ घन इंचाचं कोब्रा जेट, ज्याला फोर्डने कागदावर ३३५ हॉर्सपॉवर लिहिलं होतं. बास, इथे व्हीआयएन संपला. पण याच इंजिनची अजून दणकट आवृत्ती होती, सुपर कोब्रा जेट, आणि ती यायची ड्रॅग पॅकबरोबर, म्हणजे ३.९१ किंवा ४.३० रेशोचा (आकडा जितका मोठा तितका पिकअप जास्त) अ‍ॅक्सल मागितला की वेगळा क्रँक, कॅपस्क्रूवाले कनेक्टिंग रॉड आणि रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर. आणि या दोन्ही इंजिनांचा व्हीआयएन कोड एकच! दारावरच्या डेटा प्लेटवर अ‍ॅक्सलचा कोड असतो पण आमच्या गाडीचं दार कधीतरी बदललेलं, प्लेट गायब, आणि खाली बसवलेला अ‍ॅक्सल ३.२५ चा. म्हणजे समोर जे दिसतंय त्यावरून ही साधी कोब्रा जेट.

रिपोर्टमध्ये आलं ३.९१ लॉकिंग (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) अ‍ॅक्सल, ड्रॅग पॅक. खरं सांगतो, तो कागद वाचून मी सरळ गॅरेजमध्ये गेलो आणि रेडिएटर सपोर्टवर टॉर्च मारला, कूलरच्या ब्रॅकेटची भोकं तिथेच होती, कुणीतरी बुजवून वरून रंग मारलेला. मग डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाची जड चकती) काढला तर मागे ते वेगळं काउंटरवेट, जे सुपर कोब्रा जेटलाच असतं. कूलर गेलेला, अ‍ॅक्सल गेलेला (हायवेवर ३.९१ ला इंजिन फार ओरडतं म्हणून खूप जणांनी त्या काळी बदलून टाकले), पण इंजिन तेच. रिपोर्ट नसता तर आम्ही ३.२५ च नीट साफ करून परत बसवला असता आणि एका दुर्मिळ गाडीची साधी गाडी कायमची झाली असती.

रंगाचं पण तेच. गाडी आली लाल, रिपोर्ट म्हणतो गल्फस्ट्रीम अ‍ॅक्वा. डॅशबोर्डच्या आत आणि डिकीत स्प्लॅश पेंटच्या (ठिपक्याठिपक्यांच्या रंगाच्या) खाली अ‍ॅक्वा सापडला पण. इथे एक कळकळीची विनंती, सँडब्लास्टिंगला पाठवायच्या आधी प्रत्येक इंचाचे फोटो काढा. कारखान्यात कामगारांनी काढलेल्या क्रेयॉनच्या खुणा, प्रायमर कुठपर्यंत मारलाय, सीलर कुठे ब्रशने फासलाय, ओव्हरस्प्रे कुठे उडालाय, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं, ते फक्त त्या पत्र्यावर असतं, आणि एकदा ब्लास्ट झालं की गेलं. आधीच्या मालकाने ज्या शॉपला गाडी दिलेली त्यांनी पुढचा अर्धा भाग एकही फोटो न काढता घासून टाकला होता, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

रिपोर्ट तीन प्रकारचा मिळतो, स्टँडर्ड, डीलक्स आणि एलिट, त्यात डीलक्सच घ्या असं माझं मत. स्टँडर्ड स्वस्त आहे, गाडी विकत घ्यायच्या आधी नुसती खात्री करायला ठीक, पण डीलक्समध्ये डीलरचं नाव येतं, डेटा प्लेटचं चित्र येतं आणि मुख्य म्हणजे तारखा येतात, ऑर्डर कधी आली, गाडी प्रत्यक्ष बनली कधी, विकली कधी. या तारखा रिस्टोअर करणाऱ्याला सोन्यासारख्या, कारण जुन्या फोर्डच्या कास्टिंगवर (ओतीव पार्टवर) डेट कोड असतो, उदाहरणार्थ ९ए१४ म्हणजे १९६९ जानेवारीची १४ तारीख, आणि गाडीवरचा ओरिजिनल पार्ट गाडीच्या तारखेच्या थोडा आधीचाच असायला हवा. पार्टची तारीख गाडी बनल्यानंतरची निघाली तर तो पार्ट नंतर कुणीतरी लावलाय, विषय संपला. आम्ही इनटेक, हेड, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर सगळं या एका तारखेशी ताडून बघितलं. एलिट फ्रेममध्ये येतो, त्यात आकडेवारी पण असते की अशा कॉम्बिनेशनच्या किती गाड्या बनल्या, शोमध्ये गाडीपुढे ठेवायला छान दिसतो पण गॅरेजमधलं काम त्याने वाढत नाही.

आता रिपोर्ट काय सांगत नाही ते पण नीट समजून घ्या कारण इथे लोकांचे खूप पैसे बुडतात. तो सांगतो त्या नंबरची गाडी कशी बनली होती. तुमच्यासमोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हे तो सांगूच शकत नाही. व्हीआयएन माहीत असला की कुणीही रिपोर्ट मागवू शकतो, दारावरच्या प्लेट नवीन बनवून मिळतात (मार्टी स्वतःच बनवून देतात, रिस्टोअर करणाऱ्यांची ती खरी गरज आहे), त्यामुळे विकणाऱ्याने रिपोर्ट आणि चकचकीत प्लेट दाखवली म्हणून विश्वास ठेवू नका. पुढच्या फेंडरखाली एप्रनवर (इंजिनच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला नंबर बघा, इंजिन ब्लॉकवरचा नंबर बघा, ठोकलेल्या जागेच्या आजूबाजूला वेल्डिंग दिसतंय का ते बोट फिरवून बघा. आणि डीलरने गाडी आल्यावर काही बसवून दिलं असेल तर ते पण यात येणार नाही, कारखान्याच्या गेटपर्यंतचाच हिशोब आहे हा.

एवढं असूनही फोर्डवाले नशीबवान आहेत. पाँटिअ‍ॅकवाल्यांना पीएचएस (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) आहे, तिथे १९६१ ते ८६ पर्यंतच्या फॅक्टरी इनव्हॉइसची कॉपी मिळते आणि १९६४-६५ ची जीटीओ असेल तर तिला पर्यायच नाही, कारण तेव्हा जीटीओ हा ल मान्स मॉडेलवरचा ऑप्शन होता आणि व्हीआयएनमध्ये त्याचा उल्लेखच नाही. मोपारवाल्यांकडे (क्रायस्लर, डॉज, प्लिमथ) फेंडर टॅग, म्हणजे ऑप्शनचे कोड ठोकलेली पट्टी असते, व्हीआयएनमध्ये इंजिनचा कोड पण असतो, नशीब असेल तर ब्रॉडकास्ट शीट (कारखान्यातला जोडणीचा कोडांचा कागद) पण मिळते. हाल आहेत ते शेव्हीवाल्यांचे (शेव्हरोलेट). १९७० ची शेव्हेल घ्या, एलएस६ इंजिनची ४५० हॉर्सपॉवरची एसएस (सुपर स्पोर्ट) आणि साधी व्ही८ मालिबू, व्हीआयएनवरून फरक कळत नाही, आणि अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी मार्टीसारखी फाइल उघडून सांगणारं कुणी नाही. म्हणूनच बाजारात खोट्या एसएस इतक्या फिरतात. तिथे सगळी भिस्त बिल्ड शीटवर (गाडीत काय काय बसवायचं त्याच्या कोडांचा कागद), कारखान्यातल्या लोकांनी तो कागद सीटच्या स्प्रिंगमध्ये नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर तसाच सोडलेला असायचा. तेव्हा शेव्ही उघडत असाल तर सीटचं जुनं कापड फाडून फेकू नका, टाकी खाली घेताना वरून पाणी मारू नका, आधी हात घालून बघा, कागद कुजलेला असला तरी सपाट करून वाळवा, अर्धे कोड वाचता आले तरी पुष्कळ काम होतं.