अकरावी-बारावीचं इंग्रजी: राज्य मंडळ की सीबीएसई?

दहावीचा निकाल लागला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पालक पहिल्यांदा सायन्स की कॉमर्स ते ठरवतात. बोर्ड बदलायचं की नाही हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तेव्हा हमखास एक वाक्य कानावर पडतं: "सीबीएसईत घातलं की इंग्रजी सुधारेल." मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पुतणी सीबीएसईला होती, त्यामुळे तिची पुस्तकंही दोन वर्षं रोज हाताळली. त्या अनुभवावरून सांगते, दोन्हीकडचं इंग्रजी अवघडच आहे. फक्त अवघडपणा वेगळा आहे.

राज्य मंडळात खरा धक्का बसतो तो अकरावीच्या पहिल्या महिन्यात. मराठी माध्यमाचं मूल दहावीपर्यंत इंग्रजी तृतीय भाषा म्हणून शिकतं, इंग्रजी माध्यमाचं प्रथम भाषा म्हणून. अकरावीत दोघांच्या हातात इंग्रजीचं एकच पुस्तक येतं, 'युवकभारती'. आडगावातल्या शाळेतून एसटीने येणारी, वर्गात नव्वदच्या घरात गुण मिळवलेली मुलगी जुलैमध्ये गप्प बसते, कारण तिला शब्द अडतात आणि ते विचारायची लाज वाटते. हे गप्प बसणं मी दरवर्षी पाहते. दिवाळीपर्यंत बहुतेक जणी सावरतात, पण त्यासाठी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि शब्दांची वही लागते. गाईड पाठ करून हे होत नाही.

बारावीची लेखी परीक्षा 80 गुणांची, तोंडी आणि अंतर्गत 20. कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, गद्य आणि त्याला जोडून व्याकरण, सारांश वगैरे मिळून 34 गुण, कविता 14, लेखनकौशल्य 16 आणि कादंबरी 16. इथे मुलाला काय मिळतं? लेखनाचे प्रकार भरपूर: मुलाखतीचे प्रश्न, भाषण, आवाहन, चित्रपट परीक्षण, मताच्या बाजूने आणि विरोधात लिहिणं. कवितेचं रसग्रहण तर मला फार मोलाचं वाटतं. मात्र कृतींची ठेवण ठरलेली असल्यामुळे साचा पाठ करून बरे गुण मिळवता येतात, आणि बरीच मुलं तेच करतात. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला असतो, 2024 मध्ये तो 97.51 टक्के होता. या यशाचा मला मनापासून अभिमान आहे. पण पास झालेल्या मुलाला इंग्रजीत एक पान स्वतःचं लिहिता येईलच, असं त्या आकड्यावरून समजू नका.

सीबीएसईत बहुतेक मुलं 'इंग्लिश कोअर' घेतात. बारावीला 'फ्लेमिंगो' आणि 'व्हिस्टाज' ही पुस्तकं. 80 गुणांत वाचन 22, लेखन 18, साहित्य 40, वर अंतर्गत 20. वाचनाचे उतारे पुस्तकाबाहेरचे, लांब. साहित्यात 120 ते 150 शब्दांची उत्तरं, आणि त्यात धड्यात काय घडलं यापेक्षा ते तसं का घडलं, पात्र तसं का वागलं, हे विचारतात. लेखनाचे प्रकार कमी: सूचना, निमंत्रण, पत्र, लेख किंवा वृत्तांत. 'फ्लेमिंगो'चा पहिलाच धडा मातृभाषेच्या शेवटच्या तासाविषयी आहे. घरी मालवणी बोलणाऱ्या पुतणीला तो पहिल्या वाचनातच भिडला. पण तेच इंग्रजीत मांडायला तिला चार महिने लागले.

'इंग्लिश इलेक्टिव' हा साहित्यावर अधिक भर देणारा पर्यायही सीबीएसईत आहे. तो कोअरच्या जागी घ्यायचा असतो, दोन्ही नाही. तुमच्या शाळेत तो शिकवतात का, हे आधी विचारा.

सावंतवाडीजवळच्या सांगेलीचं नवोदय विद्यालय सीबीएसईचं आहे, राहणं-जेवण मोफत. अकरावीत रिकाम्या जागा परीक्षेतून भरतात, पण अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. निकालानंतर जागं होऊन उपयोग नाही.

माझं मत विचाराल, तर मराठी माध्यमाच्या मुलाने केवळ इंग्रजीसाठी बोर्ड बदलू नये. अकरावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, नवं पुस्तक आणि नवी परीक्षापद्धत एकदम अंगावर आली तर इंग्रजीच मागे पडतं. मूल स्वतःहून गोष्टी वाचत असेल, दोन-तीन परिच्छेद न अडता लिहीत असेल, तर मात्र सीबीएसईचं साहित्य त्याला खरोखर खुलवेल. आणि जायला-यायला दीड-दीड तास मोडत असेल, तर जवळचं महाविद्यालय घ्या. पावसात शेवटची गाडी चुकली की वाचन कुठलं नि लेखन कुठलं!

मर्चंट नेव्हीकडे डोळा असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. तिथे दहावी किंवा बारावीला इंग्रजीत किमान 50 टक्के लागतात, आणि आयएमयू-सीईटी या प्रवेश परीक्षेतही इंग्रजीचे प्रश्न असतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत तर इंग्रजीला 200 गुण आहेत. अशा मुलाने कुठल्याही बोर्डात 'पास होण्यापुरतं इंग्रजी' हा विचार सोडून द्यावा.

दोन्हीकडची पुस्तकं बालभारती आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. फॉर्म भरण्याआधी मुलाला प्रत्येकातला एक धडा वाचायला द्या आणि त्यावर दहा ओळी लिहायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण मदत करू नका. कुठल्या पुस्तकाशी ते जास्त वेळ थांबतं, ते बघा.