डिझेल पिकअप, बरेच महिने वापरल्यावर: इंजिन ठणठणीत, एक्झॉस्टचं मात्र रोज नवं

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी ती विकायला काढली आहे. तसं काही नाही. डबल कॅब, टर्बो डिझेल, मागे बहुतेक वेळा पूर्ण लोड, अधूनमधून ट्रेलर. खालच्या आरपीएमलाच भरपूर ओढ मिळते, चढावर थांबलेली भरलेली गाडी कुरकुर न करता उचलते, लांबच्या पल्ल्याला पाठ धरत नाही. रिकामी असताना मागची बाजू उडते, पण ते सगळ्याच पिकअपचं आहे. लोड पडला की शांत होते. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोड्याफार फरकाने हीच कथा आजच्या जवळजवळ प्रत्येक डिझेल पिकअपची आहे, आणि नाव लिहिलं की मूळ विषय बाजूला राहून कंपन्यांची भांडणं सुरू होतात.

तक्रार आहे ती इंजिनाच्या मागे लागलेल्या लटांबराबद्दल. थोडा धूर परत इंजिनात घालणारा ईजीआर, न जळलेलं इंधन जाळणारा डीओसी, काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, युरिया वापरून नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) कमी करणारा एससीआर, दोन नॉक्स सेन्सर, युरियाची टाकी, तिचा पंप, तिचा इंजेक्टर, आणि या सगळ्यांना जोडणारी वायरिंग, जी नेमकी गाडीच्या पोटाखालून चिखलपाण्यातून जाते. यातलं काहीही रुसलं की शिक्षा इंजिनाला.

ती शिक्षा कशी असते ते ज्यांनी भोगलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. गाडी भरलेली, समोर चढ, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तळापर्यंत, आणि गाडी मान टाकते. आवाजात फरक नाही, धूर नाही, थरथर नाही. फक्त टर्बोची ओढ नाहीशी होते, आरपीएमचा काटा एका मर्यादेपुढे सरकत नाही आणि समोर पिवळा दिवा लागतो. मागचे हॉर्न मारत असतात, त्यांना काय सांगणार? कडेला घेतली, बंद केली, जरा वेळाने पुन्हा सुरू केली तर गाडी जशीच्या तशी पळायला लागली. दिवा मात्र गेला नाही.

ताकद कापली जाते ती दोन वेगवेगळ्या कारणांनी, आणि पुढची सगळी धावपळ यातलं कारण कोणतं यावर ठरते. पहिलं कारण संरक्षणाचं, ज्याला सगळे लिंप मोड म्हणतात. टर्बोचा दाब हवा तेवढा बनत नाही, ईजीआर अडकला आहे, डीपीएफच्या आधी दाब साठतो आहे, असं काही दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल आणि बूस्ट (टर्बोचा दाब) दोन्ही आखडतं. हे बरेचदा चावी फिरवून तात्पुरतं जातं. दुसरं कारण कायद्याचं. युरिया संपला, त्याचा दर्जा बरोबर नाही किंवा नॉक्स कमी होत नाही असं ईसीयूला वाटलं, तर त्याने चालकाला मुद्दाम छळायचं असा नियमच आहे. युरोपच्या हलक्या गाड्यांच्या नियमात युरिया संपायला किमान २,४०० किलोमीटर राहिले असतानाच इशारा सुरू व्हावा लागतो. नंतर बहुतेक गाड्यांत उलटी मोजणी, आणि शून्यावर आलं की चालू गाडी बंद पडत नाही, पण बंद केलेली पुन्हा सुरू होत नाही. अमेरिकेत मोठ्या ट्रकचा वेग शेवटी ताशी ५ मैलांपर्यंत उतरवला जायचा. तिथल्या मालकांनी इतकी ओरड केली की ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, कंपन्यांना सॉफ्टवेअर सौम्य करायला सांगितलं आणि २०२७ च्या मॉडेलपासून अशी अचानक आणि तीव्र ताकदकपात नको असं ठरवलं. म्हणजे निदान एवढं तरी मान्य झालं की भर रस्त्यात भरलेल्या गाडीची हवा काढणं हाही धोकाच आहे.

माझा पहिला प्रकार लिंप मोडचा निघाला. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी२४६३, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयारच होतं: फिल्टर बदला. डीपीएफ हा गाडीतल्या महाग भागांपैकी एक, त्यामुळे मी आधी लाइव्ह डेटा दाखवा म्हणालो. हा हट्ट प्रत्येकाने धरावा. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला दोन बारीक नळ्या एका सेन्सरकडे जातात. त्या दोन दाबांतल्या फरकावरून ईसीयू काजळीचा अंदाज बांधतं. इंजिन बंद, चावी चालू, अशा वेळी एक्झॉस्टमधून काहीच वाहत नाही. म्हणजे हा फरक शून्याच्या आसपासच हवा. माझ्या गाडीत तो बंद इंजिनावरही चांगलाच वर दिसत होता. न चाललेल्या गाडीत काजळी कशी साठेल? एक नळी उष्णतेने कडक होऊन चिरली होती आणि सेन्सर भरकटला होता. दोन्ही बदलले, स्कॅनरवरून सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवला, एक रीजन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं, जबरदस्तीने करून घेतलं. फिल्टर अजून मूळचाच आहे.

यातून बनलेलं मत अजून बदललेलं नाही: दिवा डीपीएफचा लागतो, पण डीपीएफ बहुधा आरोपी नसतो, फिर्यादी असतो. काही महिन्यांनी त्याचा आणखी पक्का पुरावा मिळाला. रीजन एकाएकी फार लवकर लवकर व्हायला लागलं. नळ्या ठीक, सेन्सर ठीक, तरी काजळी खरोखरच भराभर साठत होती. कारण सापडलं थेट दुसऱ्या टोकाला. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपला क्लॅम्पजवळ बारीक चीर होती आणि तिथे ऑइलचा ओलसर डाग. दाबाखाली तिथून हवा निसटायची, सिलिंडरला हवा कमी पडायची, काजळी जास्त व्हायची आणि ती सगळी फिल्टरच्या गळ्यात. उघडा अडकलेला ईजीआर आणि गळका इंजेक्टरही हेच करतात. अशा गाडीला नवा फिल्टर घातला तर तोही तितक्याच वेगाने भरणार, आणि मग मालक म्हणणार की पार्टच निकृष्ट.

रीजनबद्दल थोडं, कारण विकताना हे कुणी सांगत नाही. काजळी जाळायला फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. रोजच्या चालवण्यात एक्झॉस्ट सहसा तेवढा तापत नाही, म्हणून ईसीयू थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतं, ते डीओसीमध्ये जळतं आणि फिल्टर तापतो. हे चालू असताना आयडलिंग किंचित चढतं, तात्कालिक मायलेजचा आकडा पडतो, गाडी थांबवली तर पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम वास येतो. माझ्या गाडीत यासाठी डॅशबोर्डवर काहीही नाही. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर गाण्याच्या अल्बमचं चित्र दिसतं, पण गाडी रीजन करते आहे हे दिसत नाही. ज्याने हे ठरवलं त्याने मालवाहू गाडी कधी चालवली नसावी. कळलं तर माणूस आणखी थोडा वेळ चालवेल. न कळता तो मध्येच बंद करतो, रीजन अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे, ताबडतोब बदला. आणि बऱ्याच गाड्यांत डिझेल रिझर्व्हला आलं असेल किंवा आधीचा दुसरा कोड बसलेला असेल तर रीजन सुरूच होत नाही. एक छोटा कोड दुर्लक्षिला की मोठा कोड अशा वाटेने येतो.

‘हायवेवर पळवा, सगळं साफ होईल’ हा सल्ला ढोबळमानाने बरोबर आहे, पण रामबाण नाही. ऑस्ट्रेलियातलं टोयोटाचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात तिथे विकल्या गेलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो मिळून २.६ लाखांहून जास्त गाड्यांची डीपीएफ यंत्रणा सदोष असल्याचं फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये ठरवलं. गंमत म्हणजे दोष उघडा पडत होता तो ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या सलग चालवण्यातच, म्हणजे जो उपाय सांगतात त्यातच! डीओसीवर थर साचायचा, रीजन नीट व्हायचं नाही, गाडी पांढरा धूर ओकायची. नंतर त्या गाड्यांत हाताने रीजन सुरू करायचं बटण आलं. तसं बटण माझ्या गाडीत नाही, आणि या गाडीबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. लोड उतरवायला थांबायच्या आधी मोकळा रस्ता असताना ते दाबता आलं असतं, तर निम्मी कटकट वाचली असती.

आता युरिया. टाकीत भरतात ते द्रव, डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. मानक आयएसओ २२२४१. हे प्रमाण अशासाठी की याच प्रमाणात ते सगळ्यात कमी तापमानाला, उणे ११ अंशांना गोठतं. खताचा युरिया पाण्यात विरघळवून ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यातली अशुद्ध द्रव्यं इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खातात. उन्हात पडून राहिलेला कॅनही घेऊ नका, उष्णतेत त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. मी शिक्का आणि तारीख बघूनच घेतो, तरीही पी२०ईई आला: एससीआरची कार्यक्षमता कमी. पुन्हा तोच सूर, अख्खा कॅटॅलिस्ट बदलायचा. उघडून पाहिलं तर इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे जमले होते आणि मागचा नॉक्स सेन्सर मंदावला होता. खडे गरम पाण्याने विरघळले, सेन्सर बदलावा लागला. नॉक्स सेन्सर सिरॅमिकचा असतो आणि आत तापलेला असतो. एक्झॉस्टमधल्या पाण्याचा थेंब त्यावर पडला तर तडा जाऊ शकतो. कॅटॅलिस्टपेक्षा तो आधी जाणारच. तरी कॅटॅलिस्टचं बिल आधी का काढतात, याचं उत्तर मला एवढंच सुचतं की निदानाला वेळ लागतो आणि पार्ट बदलायला अक्कल लागत नाही.

ऑइलबाबत मी तडजोड करत नाही. कमी राखेचंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच. काजळी जळते, ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, कितीही रीजन करा. ती फिल्टरमध्ये कायमची बसते आणि एक दिवस फिल्टर काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. साधं ऑइल घालून तो दिवस स्वतःच्या हाताने जवळ आणण्यात अर्थ नाही.

राहिला डिलीटचा विषय. डीपीएफ पोकळ करून, ईजीआर बंद करून ईसीयू रीमॅप करून (त्याचं सॉफ्टवेअर बदलून) देणारे जागोजागी भेटतात आणि त्यांची गाडी चालवून बघितली तर मोह होतो, हे खरं. ‘कंपन्याच चोऱ्या करतात’ हा त्यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. राम २५०० आणि ३५०० पिकअपच्या डिझेल इंजिनांवरून कमिन्सने अमेरिकेत १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला, आणि लाखो मालकांना मागाहून सॉफ्टवेअर बदलून घ्यावं लागलं. तरी मी डिलीट करणार नाही. वॉरंटी जाते आणि अनेक देशांत तो सरळ गुन्हा आहे, हे तर आहेच. पण माझं कारण वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला, आणि माल चढवताना त्या नळकांड्याशेजारी मीच उभा असतो, माझी माणसं उभी असतात.

गाडी सोडून घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ओबीडीच्या, म्हणजे गाडीचे कोड वाचायच्या, सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणि डीपीएफचे आकडे दाखवणारं अ‍ॅप. काजळीची पातळी, दाबातला फरक, मागच्या रीजननंतरचं अंतर, ऑइलचं तापमान, एवढं मोबाइलवर दिसलं की पुरतं. घेण्याआधी ते अ‍ॅप आपल्या मॉडेलचा डीपीएफ वाचतं का ते मात्र तपासा. स्वस्तातले बरेच फक्त कोड पुसतात. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. ताकद गेली त्या क्षणी वेग, आरपीएम आणि तापमान काय होतं ते त्यात असतं, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ‘इथे तर गाडी नीट चालतेय’ हे वाक्य तोंडावर फेकलं गेलं की तोच फोटो उपयोगी पडतो.

घ्यावी का? रोज लांबचा पल्ला आणि भरलेली गाडी असेल तर डिझेलच घ्या, तक्रारी धरूनही. दिवसभर छोट्या फेऱ्या, मध्ये मध्ये तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहणं, असा वापर असेल तर पेट्रोल पिकअप बघा; डिझेलचं मायलेज कागदावर कितीही सुंदर दिसलं तरी. जुनी घेत असाल तर टायर आणि पत्रा नंतर. आधी स्कॅनर लावून राखेचा आकडा आणि दोन रीजनमधलं अंतर काढा, बंद इंजिनावर दाबातला फरक शून्य आहे का बघा, आणि सगळे कोड अगदी कोरे असतील तर ते आदल्या दिवशी कुणी पुसले आहेत का, हे विकणाऱ्याला विचारा.