नव्या रंगाची बोट घेतली अन् तळाला पुट्टी निघाली

आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला (मागं साचलेल्या पाण्याला) लागून. अर्धं वावर पाण्याच्या पलीकडं राह्यलं, रस्त्यानं फिरून जा म्हटलं तर अर्धा दिवस जाते, म्हणून घरच्यांच्या जाण्यायेण्यासाठी सेकंडहँड ॲल्युमिनियमची बोट घ्यायचं ठरवलं. घरी डोंगा होता पण वारं सुटलं की धरणात चांगल्या लाटा उठतात, सपाट तळाचा डोंगा आपटते अन् पाणी आत घेते, त्यामुळं खोल व्ही तळाचीच, म्हणजे खाली इंग्रजी V सारखी निमुळती पाहिजे हे पक्कं होतं, ती लाट कापत जाते.

दोन पाह्यल्या. पहिली 14 फुटी, रिवेटवाली म्हणजे पत्रे ठोकळ खिळ्यांनी जोडलेली, रंग उडालेला. मालक म्हातारे ढिवर काका, त्यांनी आपणहून सांगतलं, मागचे दोन रिवेट पाझरतात जी, ठोकून घ्या. दुसरी 16 फुटी, वेल्डिंगची, हिरवा कोरा रंग, एका डीलरकडं. तो म्हणे मरीन ग्रेड पत्रा आहे, वजन 190 किलो, सीटखाली फोम भरला आहे, पाणी भरलं तरी बुडत नाही. पाझरते म्हणून आम्ही काकांची सोडली अन् ही घेतली, 1 लाख 40 हजाराला. पाण्यात टाकून दाखवा म्हटलं तर म्हणे ट्रेलर पंक्चर आहे, उद्या दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं, अन् मी तिथंच उभ्या उभ्या 40 हजार फोनवरून टाकले, बाकीचे घरी आणल्यावर. पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलं होतं, वाचलं, तरी सही केली.

तिसऱ्या दिवशी बायको, आई अन् दोन्ही पोरं घेऊन निघालो. मधात पोचलो तं पायाला ओलं लागलं, पाहता पाहता घोट्यापर्यंत पाणी. लाइफ जॅकेट फक्त पोरांना होते. पोरं घाबरून एका अंगाला सरकली तशी बोट कलली, अशा तळाची बोट थांबली की जास्त डुलते हे मला कोणी सांगतलंच नव्हतं. आई एक शब्द न बोलता जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत होती. जाळं टाकून राह्यलेल्या मासेमारांनी दोर फेकून काठाला ओढलं म्हणून आज लिहून राह्यलो. रात्री अजूनही दचकून जाग येते.

वेल्डरनं रंग खरवडला तं मागं जोडाशेजारी वीतभर चीर, त्यात पुट्टी. मग राईस मिलच्या धर्मकाट्यावर पिकअप बोटीसकट अन् रिकामी अशी दोनदा तोलली, बोट भरली 260 किलो. फोम कापून काढला तं सारा ओलाचिंब, म्हणजे ती आधीपासूनच पाणी पिऊन बसली होती.

डीलर फोन उचलत नाही. ठाण्यात अर्ज दिला आहे.

कोणी घेत असाल तं तळाला नाण्यानं ठोकत जा, पत्रा खणखणते, पुट्टी बद्द वाजते. ट्रेलरवरच आत चार बोटं पाणी भरा अन् तासभर खालून पाहा. चार दिवसांआधी त्या डीलरच्या स्टेटसवर नवा फोटो पाह्यला, आमची उभी होती त्याच बाभळीखाली, 16 फुटी, यावेळी निळी, कोरा रंग. भंडारा-गोंदियाकडं कोणाला ती दाखवली तं पैसे टाकायच्या आधी धर्मकाट्यावर न्या.