डायल-अपवर अ‍ॅक्सिलरेटर बसवावा की ब्राउझरच हलका करावा?

२००९-१० च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरपलीकडे घर असेल, तर ब्रॉडबँडची लाइन सहसा मिळत नसे आणि मिळाली तरी टिकत नसे. अशा घरांत तेव्हाही डायल-अपच, म्हणजे साध्या फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून नेटला जोडणारा ५६ केचा (सेकंदाला फार तर ५६ किलोबिट) मॉडेमच चालायचा. सेकंदाला चार-पाच किलोबाइट उतरले, की लाइन चांगली आहे म्हणायचे. ३०० किलोबाइटच्या पानासाठी मिनिटभर थांबावे लागे आणि तिकडे पल्स (फोनबिलाची युनिटे) पडतच असत. यावर दोन प्रकारचे उपाय होते. मी दोन्ही बराच काळ वापरले.

पहिला उपाय अ‍ॅक्सिलरेटरचा. यात तुमची मागणी आधी मधल्या एका सर्व्हरकडे जाते. तो पान आणतो, मजकूर दाबतो (म्हणजे कमी बाइटांत बसवतो), चित्रांचा दर्जा उतरवतो आणि हलके झालेले पान पुढे पाठवतो. काही सेवा याचे पैसे घेत. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या ऑपेरा १० या ब्राउझरमधला टर्बो हा याच प्रकारचा, पण फुकट होता. (गूगलचा २००५ सालचा वेब अ‍ॅक्सिलरेटर मुख्यतः ब्रॉडबँडसाठी होता आणि आता तो बंदही झाला आहे. कुठे त्याची जुनी फाइल सापडली तरी बसवू नका.) दुसऱ्या उपायात मधे कोणी नसते. ब्राउझरला चित्रे आपणहून मागवू द्यायची नाहीत, जाहिराती आणि फ्लॅश (पानांतली हलती चित्रे दाखवणारा तेव्हाचा प्रकार) ब्राउझरमध्येच अडवायचे, कॅश (एकदा उतरलेल्या गोष्टी संगणकावरच साठवायची जागा) वाढवायची.

अ‍ॅक्सिलरेटरने फरक पडायचा, यात शंका नाही. फोटोंनी भरलेली बातम्यांची पाने त्यावर भराभर येत. बसवायलाही सोपा, टर्बो तर एका क्लिकवर चालू-बंद होई. घरात वडीलधारे माणूस एकटे नेट वापरत असते, तर मीही कदाचित तोच सुचवला असता.

पण तो नेमके काय हलके करतो, हे पाहायला हवे. मजकूर दाबण्याचे काम पुष्कळ वेबसाइटचे सर्व्हर तेव्हाही जीझिप या पद्धतीने स्वतःच करत. युनिकोडमधले मराठी अक्षर साधारण तीन बाइट खाते, तरी जीझिपखाली मराठी पानही छान आटते. त्याखेरीज मॉडेमची स्वतःची व्ही.४२बिस ही दाबण्याची पद्धत होतीच. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची मोठी बचत होते ती चित्रांत, आणि माझे घोडे तिथेच अडले.

आपल्याकडे चित्र म्हणजे नुसता फोटो नसे. युनिकोड आले होते तरी कितीतरी कार्यालये आणि शाळा-कॉलेजे शिवाजी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेले पत्रक स्कॅन करून जेपीईजी (चित्राची फाइल) म्हणून चढवत. भरतीची जाहिरात, परीक्षेचे वेळापत्रक, गुणवत्ता यादी, सगळे चित्रच. दर्जा उतरवला, की फोटोतला चेहरा ओळखू येतो, पण देवनागरी मजकुराची वाट लागते. अनुस्वार पुसले जातात, घ आणि ध एकसारखे दिसतात, १ आणि ९ मधला फरक जातो. पुतण्याच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख ११ की १९, हे मला पडद्याला डोळे लावूनही कळेना. मग अ‍ॅक्सिलरेटर बंद करून तेच पान पुन्हा पूर्ण वजनाने उतरवायचे. एकाच पानाला दोनदा पल्स. हे अधूनमधून झाले असते तर मी सोसले असते, पण मला नेट लागे ते मुख्यतः अशा पत्रकांसाठीच. मी पैसे भरून घेतलेल्या सेवेत चित्रांचा दर्जा वाढवायची सोय होती. तो वाढवला, की वेगातला फरक जवळजवळ जाणवेनासा झाला.

ब्राउझर हलका केला, की ही अडचण उरत नसे. चित्राच्या जागी रिकामी चौकट येई. जे पत्रक हवे तेवढ्याच चौकटीवर क्लिक करायचे. ते वेळ घेऊन उतरे, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. फायरफॉक्समध्ये यासाठी इमेजलाइकऑपेरा हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) होते. ऑपेरात तर ही सोय मुळातच होती. जोडीला अ‍ॅडब्लॉक प्लस आणि फ्लॅशब्लॉक घ्यायचे. जाहिरात मागवलीच जात नाही, म्हणून ती दाबून पाठवण्याचाही प्रश्न येत नाही. डायल-अपवर प्रत्येक मागणीच्या नुसत्या जाण्यायेण्यात सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा जातो. पानातले वीस तुकडे कमी झाले, की लगेच जाणवते. फायरफॉक्सची कॅश मुळात ५० एमबी असायची, ती ३०० करायची. रोजच्या साइटचे बोधचिन्ह आणि बटणे मग दर वेळी उतरत नसत.

बँकेच्या सुरक्षित पानांवर टर्बो काम करत नसे, आणि ते योग्यच होते. आपला पासवर्ड मधल्या कोणाकडून जाऊ नये. ब्राउझरची छाटणी मात्र तिथेही उपयोगी पडे.

या पद्धतीला सुरुवातीचे कष्ट होते, हे मान्य. एक्स्टेन्शने तालुक्याच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणलेली बरी पडत. काही साइटचे मेनूच चित्रांचे असत. तिथे अंदाजाने क्लिक करावे लागे. आठवडाभर कटकट वाटे, पुढे हात बसे.

गाणी, झिप आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात. त्यांचा वेग दोन्ही उपायांनी वाढत नसे. त्यांच्यासाठी तुटल्या जागेपासून पुढे उतरवणारा डाउनलोड मॅनेजर ठेवायचा. आणि काहीही बसवण्याआधी मॉडेमच्या लाइनवरचा पॅरलल (त्याच लाइनला जोडलेला दुसरा) फोन काढून पाहायचा. विंडोज जोडणीचा वेग १,१५,२०० (बिट दर सेकंदाला) दाखवत असेल, तर तो संगणक आणि मॉडेम यांच्यातला वेग असतो, लाइनचा नव्हे. पावसाळ्यात लाइनवर खरखर असेल, तर आधी लाइनमनला बोलवायचे.