वायफाय उत्तम, पण बिघाड सांगण्यात मुके: एका लॅपटॉपचा दहा महिन्यांचा अनुभव

लॅपटॉपची परीक्षणे वाचताना पडदा, बॅटरी, कळफलक आणि प्रोसेसर यांच्यावर पानेच्या पाने लिहिलेली आढळतात; वायफायच्या वाट्याला मात्र ‘वायफाय ६ उपलब्ध’ एवढी एकच ओळ येते. वास्तविक, आज नेट नसलेल्या लॅपटॉपवर आपली निम्मी कामे अडून राहतात. म्हणून गेले दहा महिने मी रोज आठ-नऊ तास वापरत असलेल्या लॅपटॉपच्या केवळ वायफायविषयी हे परीक्षण लिहीत आहे. ते सुरू कसे होते, टिकते किती आणि बंद पडल्यावर हे यंत्र आपल्याला नेमके काय सांगते, हे मला पाहायचे आहे. लॅपटॉप चौदा इंची असून त्यावर विंडोज ११ आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे येतील त्या बऱ्याच यंत्रांत थोड्याफार फरकाने सापडतात आणि वाचकाने त्या आपापल्या लॅपटॉपवर तपासून पाहाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात चालू करण्यापासूनच करावी लागते. या लॅपटॉपला वायफायची स्वतंत्र कळ नाही. वरच्या ओळीतील एका कळीवर विमानाचे चिन्ह आहे. ती दाबली की एअरप्लेन मोड चालू होतो आणि वायफाय व ब्लूटूथ दोन्ही एकदम बंद पडतात. ही कळ पडद्याचा प्रकाश वाढवण्याच्या कळीला अगदी लागून आहे. प्रकाश वाढवायला गेलेले बोट तिच्यावर पडणे ही अपवादाची गोष्ट नाही. पहिल्या महिन्यातच माझ्याकडून तीनदा तसे झाले. मोड चालू असल्याची खूण म्हणून कळीच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी दिवा लागतो, परंतु खिडकीशेजारी दिवसाउजेडी बसले असताना तो दिसतच नाही. माझ्या आधीच्या लॅपटॉपला पुढच्या कडेवर एक सरकता खटका होता. तो डावीकडे आहे की उजवीकडे, हे अंधारातही बोटाला कळत असे. नव्या यंत्रांतून तो खटका गेला याचे मला खरोखर वाईट वाटते.

तेव्हा नेट नाही असे दिसले की पहिली तपासणी हीच: विंडोजची कळ आणि ‘ए’ एकत्र दाबावी, म्हणजे कोपऱ्यात झटपट सेटिंग्जची चौकट उघडते. तीत एअरप्लेन मोड बंद असावा आणि वायफायची पाटी रंगीत, म्हणजे चालू असावी. पाटीशेजारचा बाण दाबला की आसपासच्या नेटवर्कांची नावे दिसतात. आपले नाव निवडावे, पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसकट नीट भरावा आणि आपोआप जोडण्याच्या चौकोनात खूण करावी. इथवर या लॅपटॉपला पूर्ण गुण द्यायला हवेत. स्लीपमधून उठल्यावर तो सर्वसाधारणपणे झाकण पुरते उघडेपर्यंत जोडलेलाही असतो.

वेगाबद्दल तक्रार नाही. वायफाय दोन लहरपट्ट्यांवर चालते, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. राउटर असलेल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडणीचा वेग १२०१ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दिसतो आणि दोन अँटेना असलेल्या वायफाय ६ कार्डाची ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरची (चॅनेल म्हणजे पट्ट्यातील एक मार्गिका) ती कमाल मर्यादाच आहे. हा आकडा लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील दुव्याचा असतो, इंटरनेटचा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. अनेकजण त्याची तुलना आपल्या इंटरनेट योजनेच्या वेगाशी करतात आणि विनाकारण कंपनीशी भांडतात. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झची रेंज मंदावते; तिथे २.४ गिगाहर्ट्झ अधिक पोहोचतो, पण त्या पट्ट्यावर एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११, असल्याने दाट वस्तीत तिथे गर्दी असते.

आता मुख्य मुद्दा. चौथ्या महिन्यात एका सकाळी झाकण उघडले, तेव्हा वायफायची खूण जाऊन त्या जागी पृथ्वीगोलाची खूण आली होती. चौकट उघडली तर वायफायची पाटीच नव्हती. ती बंद असती तर चालू करता आली असती. पण ती नाहीशीच झाली होती, जणू या यंत्रात वायफायचे कार्ड कधी नव्हतेच. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काही फरक पडला नाही. दोनदा, तीनदा तेच केले. शेवटी कंपनीने यंत्रासोबत दिलेले तपासणीचे ॲप चालवले. त्याने काही मिनिटे घेतली, बॅटरी, डिस्क, मेमरी यांच्यापुढे हिरव्या खुणा केल्या आणि सर्व काही ठीक असल्याचे सांगितले. जे कार्ड त्याला सापडलेच नव्हते, ते त्याने यादीतून गुपचूप वगळले होते. माझी या लॅपटॉपवरची सर्वांत मोठी नाराजी या हिरव्या खुणांवर आहे. बिघाड ओळखता न येणे मी समजून घेऊ शकते. पण बिघाड समोर असताना ‘ठीक आहे’ म्हणणारे साधन नसलेलेच बरे, कारण त्यामुळे माणूस दोष राउटरमध्ये शोधत बसतो. मीही तासभर राउटरच बंद-चालू करत होते. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तेव्हा संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला. दिवसभराच्या कामावर पाणी सोडायला लावणारा हा सल्ला कारण न विचारताच देण्यात आला, याची खंत वाटते.

खरे कारण बरेच लहान होते. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्णपणे कोरे होत नाही. फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरांची, म्हणजे कार्डासारखी उपकरणे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केले तर मात्र सगळे खरोखर पहिल्यापासून सुरू होते. मी तीनदा शट डाउन केले होते, रीस्टार्ट एकदाही केले नव्हते. रीस्टार्ट करताच पाटी परत आली. आठवड्याभरात ती पुन्हा नाहीशी झाली, तेव्हा मात्र मुळाशी जाणे भाग पडले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, नेटवर्क ॲडॉप्टरांच्या विभागात कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता आणि हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, असा कोड १० चा संदेश. कार्डाच्या गुणधर्मांत वीज व्यवस्थापनाचा विभाग आहे. त्यात वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू देण्याची परवानगी कंपनीने आधीच खूण करून ठेवली होती. म्हणजे स्लीपमध्ये जाताना कार्डाची वीज तोडली जाई आणि उठताना कधीकधी ते जागेच होत नसे. ती खूण काढली. शिवाय दोन दिवसांपूर्वी आपोआप आलेला ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करून जुना परत आणला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत पाटी एकदाही गेलेली नाही, आणि बॅटरीत म्हणावा असा फरक मला जाणवलेला नाही. हा विभाग काही लॅपटॉपांत दाखवलाच जात नाही. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन बसवणे हा पुढचा मार्ग.

या सगळ्या प्रकारात ज्याने मला आधार दिला, ते साधन विंडोजमध्येच दडलेले आहे आणि त्याचा उल्लेख कंपनीच्या माहितीपुस्तिकेत कुठेही नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘netsh wlan show wlanreport’ ही आज्ञा दिली की गेल्या तीन दिवसांतील वायफायच्या सगळ्या घडामोडींचा अहवाल तयार होतो आणि तो ब्राउझरमध्ये उघडता येतो. लॅपटॉप केव्हा जोडला गेला, केव्हा तुटला, आणि तुटण्याचे नोंदलेले कारण काय, हे त्यात वेळेनिशी दिसते. माझ्या अहवालात प्रत्येक तुटणे स्लीपनंतरच्या मिनिटाला होते. ती ओळ पाहिली आणि राउटर निर्दोष आहे हे तत्क्षणी कळले.

पाटी आहे, नेटवर्कही जोडले आहे, पण ‘इंटरनेट नाही’ असे दिसते, हा वेगळा प्रकार आहे. त्यात पहिला प्रश्न असा की त्याच वायफायवर फोन चालतो का. फोनही चालत नसेल तर लॅपटॉप मोकळा; दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडच्या लाइनमध्ये आहे. फोन चालत असेल तर लॅपटॉपच्या नेटवर्क गुणधर्मांत त्याला मिळालेला पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा आयपी क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ते नेटवर्क विसरायला सांगून पुन्हा जोडले की बहुधा काम होते. पत्ता योग्य असेल तर राउटरचे स्वतःचे पान, जे बहुतेक घरगुती राउटरांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर असते, उघडून पाहावे. ते उघडले म्हणजे हवेतला दुवा शाबूत आहे. एक कारण मात्र कोणाच्याच मनात येत नाही: लॅपटॉपचे घड्याळ. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची ठरतात आणि नेट असूनही पाने उघडत नाहीत.

कंपनीचे तपासणीचे ॲप यांपैकी एकही गोष्ट पाहत नाही. ते अंगभूत दुरुस्ती म्हणून फक्त नेटवर्क रीसेट सुचवते, आणि तेही इशारा न देता. नेटवर्क रीसेट सर्व नेटवर्क ॲडॉप्टर काढून पुन्हा बसवतो. साठवलेले वायफायचे पासवर्ड जातात आणि कामाच्या ठिकाणचे व्हीपीएनही (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारे सॉफ्टवेअर) पुन्हा बसवावे लागू शकते. तो शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे. पहिला उपाय म्हणून तो कोणाच्याही हाती देऊ नये.

एक उणीव यंत्राच्या बांधणीतलीही आहे, आणि ती सापडायला मला बराच काळ लागला. बाहेरची हार्ड डिस्क डावीकडच्या यूएसबी ३ च्या खाचेत लावली की २.४ गिगाहर्ट्झवरील जोडणी अडखळू लागे; व्हिडिओवरील बोलणे तुटे, ब्लूटूथचा माउस पडद्यावर उड्या मारी. उजवीकडच्या खाचेत लावली की सगळे सुरळीत. यूएसबी ३ च्या वेगवान देवाणघेवाणीतून उठणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, ही गोष्ट तंत्रज्ञांना बरीच वर्षे माहीत आहे, आणि चांगल्या बांधणीत खाचेभोवती पुरेसे आवरण देऊन ती आवरली जाते. इथे डाव्या बाजूला ती काळजी घेतलेली दिसत नाही. ५ गिगाहर्ट्झवर राहिले तर त्रास होत नाही. मात्र राउटर नुकताच चालू केला असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचे नाव यादीत येण्यास थोडा वेळ द्यावा, कारण त्या पट्ट्यातील काही चॅनेलांवर रडार नाही ना, हे राउटरला आधी किमान ६० सेकंद ऐकून ठरवावे लागते.

बांधणीची एक बाजू मात्र मनापासून वाखाणण्याजोगी आहे. तळाचे झाकण उघडल्यावर वायफायचे कार्ड बोर्डवर जोडकाम करून पक्के केलेले नाही, एका स्क्रूने धरलेले आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असे ते छोटे कार्ड; त्याच्यावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या आहेत आणि त्या तारा बिजागरीतून पडद्याच्या वरच्या कडेतील अँटेनापर्यंत जातात. उद्या कार्ड गेलेच तर केवळ तेवढे बदलता येईल. पातळपणाच्या हव्यासात अनेक कंपन्यांनी ही सोय काढून टाकली आहे, म्हणून ती टिकवल्याबद्दल या कंपनीला मी जास्तीचा एक गुण देते. वायफायच्या ताकदीला पाचांपैकी साडेचार, चालू-बंद करण्याच्या कळीला दोन, आणि बिघाड शोधण्याच्या मदतीला एकच.

हा लॅपटॉप घेणाराने पहिल्याच दिवशी, नेट सुरळीत असतानाच, वायफायचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा, कारण तो लागतो तेव्हा नेमके नेटच नसते आणि कंपनी त्याची प्रत खोक्यात देत नाही. तो ठेवायचा राहिलाच, तर अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग चालू करावे. कार्ड पूर्ण झोपलेले असतानाही फोनचे नेट त्या केबलमधून लॅपटॉपमध्ये येते, आणि ड्रायव्हर तिथूनच उतरवून घेता येतो.